टिकणारा धातू

आम्लाची टाकी तिसऱ्यांदा गळली आणि जो माणूस भाजला, तो त्या दिवशी कारखान्याच्या धातुतज्ज्ञ बाईच्या दादाच्या बदली पाळीवर आला होता. हे कळल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला : दादा तिथं काम करतोय तोवर टाकीतून थेंबही बाहेर येता कामा नये.

टाकीतलं आम्ल गरम, शिवाय क्षारांनी भरलेलं. साधं स्टेनलेस स्टील त्यात तग धरणार नाही हे उघड होतं. तिनं निरनिराळ्या मिश्रधातूंच्या वीतभर पट्ट्या कापून घेतल्या, तोलल्या आणि आत टांगल्या. महिन्याभरानं काढल्या तेव्हा प्रत्येकीला खड्डे पडले होते. त्यात नवल नव्हतं. पण ते सगळे एकाच टोकाला होते, पुढून चार आणि मागून एक. एक पट्टी तिनं सहज उचलून धरली, तर तिची बोटं त्या खड्ड्यांवर बरोबर बसली.

"चिमटा लागला असेल," प्रयोगशाळेतले काका म्हणाले.

"मग चिमटा बदलू."

चिमटा बदलला, टांगायची जागा बदलली, महागडा धातू आणला, मग त्याहून महागडा. खड्डे उथळ होत गेले, पण पुढून चार, मागून एक हे काही चुकेना. दुसऱ्या कुणी एव्हाना नाद सोडला असता. ती मात्र इरेला पेटली.

शेवटी निकेलचा, भरपूर मॉलिब्डेनम घातलेला मिश्रधातू कसोटीला उतरला. पट्टी आत गेली तशीच लखलखीत बाहेर आली, वजन गुंजभरही घटलं नव्हतं. फक्त ती मधोमध वाकली होती.

"काढताना वाकली असेल," काका नजर चुकवत म्हणाले.

तिनं टेबलाच्या कडेवर सगळा जोर लावून पाहिला. पट्टी सरळ होईना. तरीही तिनं निर्णय फिरवला नाही. खर्च ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तिनं त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि नवी टाकी उभी राहिली.

पावसाळा सरला, हिवाळा सरला, थेंब गळला नाही. समाधानानं ती खाली पाहायला गेली, तर दादा स्टूल पार भिंतीशी सरकवून बसला होता.

"इतक्या लांब का रे?"

"ऐक."

तिनं कान दिला. आतून, छातीच्या उंचीवर, कुणीतरी संथपणे थाप मारत होतं.

"पंप असेल."

"पंप सकाळपासून बंद आहे."

तरी ती पुढं झाली, टाकीवर तळहात टेकवला आणि ठाम आवाजात म्हणाली, "काही झालं तरी ही फुटणार नाही, दादा. कधीच नाही."

"माहीत आहे गं," दादा कुजबुजला. "पण हळू बोल. आत ऐकू जातं."

थाप थांबली. मग ती टाकीच्या चोहोबाजूंनी एकदम सुरू झाली.