भरलेली बाटली

मावशींच्या पाण्याच्या बाटलीवर चार आडव्या रेघा होत्या. सकाळी सात वाजता पाणी वरून दुसऱ्या रेघेपर्यंत असायचं. दुपारी दोन वाजता, शाळेचे तीनही मजले झाडून पुसून झाल्यावर, ते तिथंच असायचं. भाषेच्या बाईंनी हे सलग सहा दिवस पाहिलं आणि सातव्या दिवशी विचारलं.

"मावशी, पाणी पीत का नाही तुम्ही?"

"प्यायलं की जावं लागतं, बाई."

एवढंच बोलून त्यांनी बादली उचलली.

शिक्षिकांचं स्वच्छतागृह होतं. त्याची किल्ली शिक्षकांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असे. मावशी ते दिवसातून दोनदा धुवायच्या, कुलूप लावायच्या आणि किल्ली पुन्हा खिळ्यावर ठेवायच्या. मुलींच्या स्वच्छतागृहात मोठ्यांनी जायचं नाही, असा नियम होता. कामगारांसाठीचं मागच्या आवारात होतं. चार वर्षांपूर्वी ते पाडून तिथे सायकलींची शेड झाली. 'लवकरच दुसरं बांधू' असं तेव्हा ठरलं. यात कुणी दुष्टपणा केला नव्हता. बहुधा म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं.

बाईंनी तेव्हाच एक अर्ज लिहिला होता. तो अजून त्यांच्या खणात होता.

त्या दिवशी नववीच्या वर्गात गुलामगिरीविरुद्धचं एक जुनं पत्रक शिकवायचं होतं. ते लिहिणारी गुलामीतून सुटलेली धोबीण होती. बाईंनी मुलांना तीन रंगांच्या पेन्सिली घ्यायला लावल्या. भावनेला हात घालणाऱ्या ओळी लाल, पुरावा निळा, वाचकाला विचारलेला प्रश्न हिरवा.

"बघा, ती मालकांना शिव्या देत नाही," बाई म्हणाल्या. "आधी फक्त मोजते. आठवड्याला किती चादरी, किती बादल्या पाणी. मग विचारते, 'ज्या चादरीवर तुम्ही निवांत झोपता, ती धुणारी कुठे झोपते?' आणि शेवटची ओळ पाहा. 'मारणाऱ्यांना मी लिहीत नाही. तुम्हाला लिहिते, कारण तुम्हाला वाईट वाटतं.'"

मुलांनी भराभर रंगवलं. बाईंनी मार्क दिले. तास संपला तेव्हा मावशी दाराशी फडकं पिळत होत्या.

"बाहेरून ऐकलं मी. छान लिहिलंय हो त्या बाईनं."

"आवडलं ना?"

"हो. पण वाचणाऱ्यांनी काय केलं?"

"खूप वर्षांनी कायदा बदलला."

"ते शेवटी. आधी काय केलं? मार्क दिले?"

बाईंना हसू आलं. मावशीही हसल्या, पण लगेच थांबल्या. "हसण्यावारी नेऊ नका. चांगलं लिहिलं की लोक म्हणतात, काय सुंदर लिहिलंय! त्या बिचारीला चादरीचं सांगायचं होतं."

"मावशी, तुम्ही किल्ली कधी मागितली नाहीत?"

"मागितली की. मोठ्या बाई म्हणाल्या, बघू. तुम्ही म्हणालात, अर्ज देते." त्यांनी फडकं झटकलं. "आता राहू द्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, मूत्रपिंडाला सूज आहे. भरपूर पाणी प्या, नाहीतर हे काम सोडा. महिनाअखेर सोडतेय मी. लेकीकडे जाईन."

बाईंनी मधल्या सुट्टीत खणातला अर्ज काढला आणि त्याच तीन पेन्सिली घेतल्या. लाल ओळी पाच निघाल्या. निळी एकही नाही. हिरवी एकही नाही. 'सहानुभूतीपूर्वक', 'शक्य असल्यास', 'योग्य वेळी'. असा अर्ज एखाद्या मुलाने लिहिला असता, तर त्यांनी दहापैकी तीन दिले असते. त्यांनी मान वर केली. समोरच खिळा होता, त्यावर किल्ली. चार वर्षं! हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर!

शनिवारी शिक्षकांच्या खोलीतल्या बैठकीत मोठ्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी काही विषय?" मावशी कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होत्या.

"किल्लीचा," बाई म्हणाल्या. "मावशी इथे सात तास असतात. चार वर्षं त्या सात तासांत पाणी पीत नाहीत. आता आजारी पडल्यात. जे स्वच्छतागृह त्या धुतात, ते त्यांनी का वापरायचं नाही?"

"अहो, आज यांना दिली तर उद्या सगळ्याच मागतील," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"सगळ्या म्हणजे किती? मावशी. एक. गणित तुमचं पक्कं आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमची कळकळ कळते हो. रीतसर अर्ज द्या, पुढच्या बांधकामात बघू."

वाचकहो, समतेवरचं लेखन आपल्या सगळ्यांना आवडतं. त्यातली युक्ती कुठे, पुरावा कुठे, हे आपण छान ओळखतो. पण ते पत्र आपल्याच नावाने आलेलं असतं आणि त्याला गुण नकोत, उत्तर हवं असतं, हे मात्र राहून जातं. ज्याला वाईट वाटतं, त्यानेच आधी उठायचं असतं.

भाषेच्या बाई उठल्या. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी मावशींच्या ओल्या हातात ठेवली.

"अर्ज देणार नाही मी," त्या म्हणाल्या. "मावशी, आजपासून ही तुमचीही. कुणाला विचारायचं नाही."