फाटकापुरती खुर्ची

"अहो, किती करकचून बांधताय! बाळ आहे ते, गाठोडं नाही," विहीणबाई गाडीतून कळवळल्या.

"पट्ट्याखाली एक बोट जातंय. तेवढंच जायला हवं," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य त्या तीन वर्षं रोज म्हणत होत्या. आज फक्त बाळ त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं.

प्रसूती रुग्णालयाचा नियम होता, गाडीत बाळाची खुर्ची असल्याशिवाय बाळ घरी सोडायचं नाही. सिस्टरांनी पट्टे तपासायचे आणि बापाची वहीत सही घ्यायची. मग आज्या भांडायच्या. "माझ्या हातून आजवर कधी पोर पडलंय का?" आजोबा विचारायचे, "आम्ही काय असेच मोठे झालो नाही?" यावर सिस्टरांच्या ओठांवर उत्तर यायचं, पण नोकरी टिकवायची असल्यामुळे त्या ते गिळायच्या. पाठीमागे सगळे त्यांना 'पट्टेवाली' म्हणायचे. म्हणेनात का, बाळं तर बांधून जातात!

मुलाने सही केली. "खुर्ची छान घेतलीस हो," त्या म्हणाल्या. मुलगा "हं" म्हणाला आणि त्याने लगबगीने गाडी काढली.

दहाच मिनिटांत फाटकातून वॉचमन आत आला. काखेत तीच लाल खुर्ची.

"ही तुमच्याकडे कशी?"

"कोपऱ्यावर ठेवून गेले ना. नेहमीसारखं," वॉचमन म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

"नेहमीसारखं म्हणजे?"

"सिस्टर, रागावू नका. लोकांना फाटकापुरतीच लागते. एकजण टाकून गेला होता, ती फिरते आपली. तुम्हाला ओळखू येऊ नये म्हणून कव्हरं दोन ठेवलीत, लाल आणि निळं. तुमच्या मुलाने तर कालच सांगून ठेवलं होतं."

सिस्टरांनी खुर्ची हिसकावून कव्हर वर केलं. खालचं प्लॅस्टिक उभं चिरलेलं होतं आणि वॉर्डातल्याच चिकटपट्टीने जोडलेलं होतं. तीन वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पट्टे पाहिले आणि कव्हराखाली एकदाही पाहिलं नाही. वहीभर सह्या होत्या. त्यातली किती बाळं कोपऱ्यावर सुटली असतील? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात लाज जास्त होती की राग, ते त्यांनाच कळेना.

"मेट्रनना सांगा, मी आज लवकर गेले. आणि ही फेकू नका, उद्या त्यांच्या टेबलावर ठेवायचीय."

गाडी कोपऱ्यावरच सापडली. मुलगा औषधांच्या दुकानात शिरला होता. मागच्या सीटवर सून डोळे मिटून बसली होती आणि पुढे विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन, काच खाली करून तिला रस्ता दाखवत होत्या. चार दिवसांच्या पोरीला रस्ता!

सिस्टरांनी दार उघडलं. "द्या इकडे."

"अगंबाई! तुम्ही?" विहीणबाईंनी बाळ छातीशी धरलं. "हे बघा, तिथे तुमचं ऐकलं. आता नात आमचीही आहे."

"म्हणूनच मागतेय. गाडीला ब्रेक लागला की तुमचे हात सुटणार. तुमचेच काय, माझेही सुटतील. मी हे रोज सांगते हो, आणि घरच्यांनाच सांगायचं राहिलं."

सुनेने डोळे उघडले. "आई, दे त्यांच्याकडे," ती आपल्या आईला म्हणाली.

मुलगा औषधांची पिशवी घेऊन धावत आला. "आई, अगं काय चाललंय? लोक बघतायत! उद्या आणतो ना खुर्ची. घर दोन किलोमीटर तर आहे!"

"मग मला चालवेल."

त्यांनी बाळाचं डोकं कोपराच्या खोबणीत नीट घेतलं, पदराने ऊन अडवलं आणि फुटपाथ धरला. मुलगा एकदा "आई" म्हणाला, मग गाडीत बसला. सिस्टरांच्या पायांत ड्यूटीची पांढरी चप्पल होती, ती डाव्या टाचेला लागत होती. नात झोपली होती.

मागून गाडी इंडिकेटर लावून पायी चालल्यासारखी येत होती. तिच्या मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या. सिस्टरांनी एकदाही वळून पाहिलं नाही.