पाणी तयार होईपर्यंत

"सूनबाई, पाणी नितळ दिसलं म्हणून फसू नका. तपासणीच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे; रंग पिवळा आला, तरच मासा सोडायचा. कबूल?"

"कबूल, मामंजी. एकही जीव जाऊ देणार नाही."

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांनी ही काचेची टाकी पायाशी मांडून घेतली होती. त्यांच्या सांगण्यावरून तिने समुद्री मीठ कालवलं, आत कोळंबीचा तुकडा कुजत ठेवला. कुजून विष तयार होणार, मग ते खाणारे सूक्ष्म जीव दगडांवर वाढणार. महिना तरी हवा. मामंजी दहाव्या दिवशीच गेले.

तेरावं उरकलं. पुढच्या रविवारी नवऱ्याचे साहेब बायकोसह जेवायला यायचे होते. शनिवारी तो दोन नारिंगी मासे घेऊन आला.

तिने नळी पुढे केली. हिरवीगार. "अजून विष आहे हो. मरतील."

"आरशासारखं पाणी आहे! नुसतं पाणीच पाळायचंय का जन्मभर? उद्यापर्यंत टिकले म्हणजे झालं. पुढं मरेनात का." त्याने पिशवी उलटी केली.

रविवारी दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं वासत होते. कल्ले लालबुंद.

"अय्या, कसे नाचतायत!" साहेबांची बायको म्हणाली.

"तुम्हाला बघायला वर आलेत," नवरा म्हणाला. "आणि हिचं तोंड बघा! माझे वडील गेले तेव्हासुद्धा एवढं उतरलं नव्हतं."

जेवण वाढता वाढता तिने पाहिलं, एक मासा उताणा झाला. नवऱ्याने तो डावानेच उचलला, मोरीत टाकला आणि नळ सोडला. "दमला बिचारा. झोपायला गेला."

सगळे हसले. सवयीने तिच्याही ओठांवर हसू आलं, आणि तिची तिलाच शिसारी आली.

टाकीत घालायला काल कालवलेलं स्वच्छ खारं पाणी मोरीजवळ बादलीत होतं. उरलेला मासा तिने वाटीने अलगद त्यात घेतला, वर झाकण ठेवलं. कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानातल्या बाईंकडे जुन्या, तयार पाण्याच्या टाक्या होत्या. पदर खोचून ती दाराशी आली.

"कुठं निघालीस? पाहुणे बसलेत!"

"तुमचं चालू द्या. आलेच मी."

बादली हिंदकळू नये म्हणून ती एकेक पायरी जपून उतरू लागली.