आखूड रॉड

मित्रांनो, मी एक जुनी क्रँक आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझं सगळं आयुष्य मोटारसायकलच्या इंजिनात, तेलाच्या अंधारात गेलं. वर पिस्टन खाली-वर होतो, मधला रॉड तो धक्का माझ्यापर्यंत आणतो आणि मी गोल फिरते. माझ्या फिरण्यावर चाक फिरतं. आम्ही तिघं एकमेकांच्या मापाचे असलो तरच हे जमतं.

कारखान्यात तापलेल्या लोखंडावर घण पडले तेव्हा माझा जन्म झाला. माझी गाडी गोपीनाथांनी विकत घेतली. ते मूळचे डहाणूपलीकडच्या, समुद्रकाठच्या वरोरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले, पण नोकरी रेल्वेत सिग्नलवर. त्यांच्या पत्नी सरलाबाई उधव्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड तलासरीला. दर रविवारी दोघं गाडीवरून वरोरला जायची. गोपीनाथांची आई, बुधीबाई, तिथे लेकीसोबत बोंबील वाळवायची. गाडीचा ठोका ऐकूनच ती अंगणात येई आणि म्हणे, "आला माझा गोपी. याच्या गाडीचं काळीज मजबूत हाय."

माझी स्तुती करणारं तेवढं एकच माणूस. मला त्याचा फार अभिमान होता.

मग गोपीनाथांचे पाय लटपटू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं. स्नायू झिजण्याचा आजार निघाला, आणि त्यावर औषध नव्हतं. पाय गेले, मग हातातली ताकद जाऊ लागली. मी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. तेल खाली बसलं. कुणी किक मारली नाही.

आईला त्यांनी काही सांगितलं नाही. फोनवर म्हणत, "ड्युटी जास्त आहे गं." बुधीबाईला आता फारसं दिसत नव्हतं आणि कुठल्याही वाहनात तिला चक्कर येई, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती.

एकदा सरलाबाई म्हणाल्या, "अहो, अ‍ॅम्ब्युलन्स करून जाऊ या का आईंना भेटायला?"

"आईच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरू?" गोपीनाथ म्हणाले. "नाही सरला. जाईन तर माझ्या गाडीने. ठोका ऐकला की तिला वाटेल, सगळं ठीक आहे."

सरलाबाईंनी हट्ट मानला. घोलवडच्या एका वाडीतून गाडीच्या बाजूला जोडायची जुनी साइडकार आणली आणि त्या स्वतः गाडी चालवायला शिकल्या. पण साइडकार आणि त्यात माणूस, एवढा भार घेऊन डहाणूच्या रस्त्यावरचा पहिलाच चढ मला चढवेना. आम्ही मागे फिरलो. साइडकारमध्ये गोपीनाथ मान वळवून बसले होते.

तेव्हा तलासरीचा मेकॅनिक जिग्नेश म्हणाला, "बाई, हिचा स्ट्रोक वाढवू. पिस्टनची धाव लांब झाली की ओढ वाढेल." वापीच्या लेथवर माझी पिन, जिच्यावर रॉड अडकतो ती, काढून तिच्या जागी मध्यापासून थोडी बाहेर सरकवलेली नवी पिन बसवली. मला पुन्हा उपयोगी पडायची आशा वाटली. पण आता पिस्टन जास्त वर जाणार, म्हणजे हेडवर, इंजिनाच्या वरच्या झाकणावर, आपटणार. जिग्नेशने टेबलावर भाग मांडले. गोपीनाथांना खुर्चीसकट गॅरेजात आणलं होतं.

"एक तर जुना रॉड ठेवू आणि राजकोटहून वेगळा पिस्टन बनवून मागवू, ज्यात रॉड अडकवायची पिन जास्त वर असेल, म्हणजे पिस्टन खालीच राहील," जिग्नेश म्हणाला. "हे काम बराबर. पण दिवाळीनंतर येईल."

"दुसरं काय?" गोपीनाथांनी विचारलं.

"हा आखूड रॉड आहे माझ्याकडे. हाच पिस्टन चालेल, आठवड्यात गाडी तयार. पण रॉड आखूड म्हणजे तो पिस्टनला बाजूला जास्त दाबणार, ब्लॉकची आतली भिंत घासणार. साइडकारचा लोड आहे, साहेब. लांब नाय चालणार."

सरलाबाई गोपीनाथांकडे बघत होत्या. त्या दिवशी सकाळी गोपीनाथांना चमचाही धरता आला नव्हता.

"वरोरपर्यंत चालेल?" सरलाबाईंनी विचारलं.

"चालायला पायजे," जिग्नेश म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"आखूड घाल," गोपीनाथ म्हणाले.

रविवारी आम्ही निघालो. काय सांगू मित्रांनो, तो चढ मी एका दमात चढले! गोपीनाथ मोठ्याने हसले. डहाणू मागे पडलं आणि पिस्टन भिंतीला घासू लागला. टक्, टक् असा बारीक आवाज सुरू झाला. सरलाबाईंनी तो ऐकला, वेग कमी केला, पण थांबल्या नाहीत. थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. वरोरची घरं दिसत होती, तेवढ्यात पिस्टन अडकला, फुटला, रॉड वाकला आणि तुकडे माझ्यावर कोसळले. इंजिन जागीच थिजलं.

बोंबील वाळत घालणारी माणसं धावत आली. "ढकलत नेऊ घरापर्यंत," एकजण म्हणाला.

"नको," गोपीनाथ ओरडले. "सरला, टेम्पो बघ. परत जाऊ."

सरलाबाई मात्र गावाकडे चालू लागल्या. परतल्या तेव्हा सोबत बुधीबाई होती, लेक भिकीचा हात धरून आलेली. म्हातारीने चाचपडत साइडकार शोधली, मग मुलाचा खांदा, मग दंड. बोटं दंडावरून मनगटापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"गोपी, मास कुठं गेलं रं तुझं?"

गोपीनाथांनी कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं.

"गाडी मोडली म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "नायतर ठोका ऐकवून तू मला फसवून गेला असतास." आणि ती रस्त्यावरच, साइडकारला टेकून, त्यांचा हात हातात घेऊन बसली. ऊन कलेपर्यंत कुणी तिला उठवलं नाही.

दिवाळीपूर्वीच गोपीनाथ गेले.

नंतर एकदा सरलाबाई गॅरेजात आल्या. जिग्नेश म्हणाला, "बाई, क्रँक वाचेल. बराबर पिस्टन घालू, नवा ब्लॉक टाकू."

त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "कुठे जायचंय आता?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेव्हापासून मी भंगाराच्या ढिगात आहे. गंज पिनपर्यंत पोचला आहे. मला कुणी उचलेल असं वाटत नाही.

मित्रांनो, यंत्राचे भाग निवडताना घाई करू नका, हे खरं. पण कुणी तुमची वाट बघत असेल, तर गाडी नीट होण्यासाठी थांबू नका. एसटीने जा, टेम्पोने जा, कुणाच्या खांद्यावर हात टाकून जा. जसे आहात तसे जा.