घंटा तर वाजत होती

“तुम्हाला नेमकं कोणी पाठवलंय?” नऊबाईंनी विचारलं.

दारातल्या बाईने पाठीवरची सॅक उतरवली. पस्तिशीची असेल. पायात कॅनव्हासचे बूट, हातात वहीएवढं यंत्र. “अधीक्षकांनी. इमारतीत सिग्नल कुठे किती पोचतो ते मोजायचंय. मी बाहेरच्या कंपनीतली इंजिनिअर.”

“म्हणजे त्यांच्याच बाजूच्या.”

“मला बाजू नसतात हो, भिंती असतात,” ती हसून म्हणाली. नऊबाई हसल्या नाहीत.

इस्पितळात कुठल्याही फोनवर नऊ दाबलं की बाईंचा आवाज यायचा, म्हणून त्या नऊबाई. नोकरीला लागल्या तेव्हा केस काळे होते, आता डाय लावायचाही कंटाळा येत होता. घरी सून त्यांना आई म्हणायची, इथे सगळे नऊबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलं होतं. एक्स्चेंजच्या खोलीत बसून त्यांनी कितीतरी जन्माच्या आणि मरणाच्या बातम्या या कानाच्या त्या कानाला जोडून दिल्या होत्या. त्या कामात त्यांच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

आणि आता ठेवलं होतं. गेल्या महिन्यात एका दुपारी वॉर्डातल्या पेशंटला श्वास घेता येईना. सिस्टरने नऊ दाबलं. नऊबाईंनी लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या खिशातल्या बिनतारी फोनवर नंबर लावला. तो फोन इस्पितळाचाच होता, मजल्या-मजल्यावर छताला बसवलेल्या पांढऱ्या डब्यांमधून चालायचा. घंटा वाजत राहिली. डॉक्टर फोन उचलेना. त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. बाकीचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. शेवटी शिपायाला पळवलं. डॉक्टर तळमजल्यावरच्या विश्रांतीच्या खोलीत सापडला, तसाच धावत वर आला, पण तोवर पेशंट गेला होता.

चौकशीत डॉक्टर म्हणाला, “माझा फोन वाजलाच नाही. यांनी लावलाच नसेल.” नऊबाई म्हणाल्या, “मी कानाने घंटा ऐकली. हे झोपले असतील.” एक्स्चेंज इतकं जुनं की आतल्या फोनांची नोंद त्यात राहत नसे. म्हणजे बाईंचा शब्द आणि डॉक्टरचा शब्द, एवढंच.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, याबद्दल इस्पितळात कोणालाच शंका नव्हती. फक्त कोण, यावर कँटीनमध्ये दोन तट पडले होते. नऊबाईंच्या शेजारी ‘मदतीला’ म्हणून रिसेप्शनवरची एक मुलगी आणून बसवली होती. ती मदत काहीच करत नसे, नऊबाईंच्या बोटांकडे मात्र बघत बसे. डबा खाताना सिस्टरांचं बोलणं मध्येच थांबायचं. कहर म्हणजे सुनेने एकदा भांडी विसळता विसळता विचारलं, “आई, तुम्ही खरंच लावला होता ना हो फोन? नाही, आपलं सहज.” त्या सहजने नऊबाईंची झोप उडाली. कधीकधी त्यांना स्वतःच्या बोटांचाच संशय यायचा. घाईत दुसराच नंबर तर लागला नसेल?

इंजिनिअरबाईने टेबलावर इमारतीचा नकाशा पसरला. नको नको म्हणता नऊबाई वाकून पाहू लागल्या.

“हा तळमजल्याच्या छताला लावलेला डबा,” ती पेन्सिलीने दाखवत म्हणाली. “इथून निघालेला सिग्नल प्रत्येक आडोशाला थोडा थोडा जिरतो. काचेत अगदी कमी. विटांच्या भिंतीत जरा जास्त. स्लॅबमध्ये बराच. लोखंडी कपाटांची रांग असेल तर विचारूच नका. वाटेत काय काय येतं ते मांडायचं आणि वजा करत जायचं. शेवटी उरेल त्यावर फोन वाजेल की नाही ते कळतं.”

“आणि डॉक्टरांच्या त्या खोलीत?”

“वाटेत पॅसेजचं एक काचेचं दार, मग खोलीची विटांची भिंत. नकाशावर तरी एवढंच आहे.” तिने कोपऱ्यात आकडेमोड केली. “हिशेबाने तिथे फोन व्यवस्थित वाजायला हवा.”

नऊबाईंनी रिसेप्शनच्या मुलीकडे एकदा पाहिलं. मुलगी नखं बघू लागली. कितीतरी दिवसांनी बाईंना बरं वाटलं. झोपलाच होता लबाड. आणि वर मला खोटं पाडतोय. हाच मुलगा पूर्वी जेवायच्या सुट्टीत येऊन म्हणायचा, “मावशी, आईला एक फोन जोडून द्या ना.” आता दारावरून जाताना भिंतीला लागून जात होता. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

“प्रत्यक्ष मोजून येते,” म्हणून इंजिनिअरबाई गेली. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

“खोलीत जवळजवळ काहीच पोचत नाही. दाराशी ठीक आहे, आत पाऊल टाकलं की संपलं. इतका सिग्नल एक विटांची भिंत जिरवूच शकत नाही.”

“आत्ता तर म्हणालात पोचायला हवं.”

“हिशेबाने हवं. मोजल्यावर नाही.”

“तिकडे डॉक्टर भेटले का तुम्हाला?”

“कोण डॉक्टर?”

“काही बोलले का ते? चहा वगैरे पाजला का?”

इंजिनिअरबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती चिडली नाही. लोकांच्या घरात, कचेऱ्यांत यंत्र घेऊन फिरणाऱ्याला हे ऐकायची सवय असते. कोणी तिला कराच्या खात्याची समजायचं, कोणी चोरांसाठी टेहळणी करणारी. “कोणी भेटलं नाही,” ती म्हणाली. “एक तर माझं यंत्र बिघडलंय, नाहीतर त्या भिंतीत नकाशात नसलेलं काहीतरी आहे. उद्या दुसरं यंत्र आणते. तोवर अधीक्षकांना हिशेबाचा आकडा सांगते, मोजणीचा नाही.”

ती नकाशा गुंडाळू लागली. नऊबाईंची नजर अजून त्याच खोलीवर होती: तळमजला, जिन्यापलीकडची शेवटची खोली. डॉक्टरांना ती अलीकडेच दिली होती, आधीच्या खोलीत औषधांचे खोके भरले म्हणून. त्याआधी तिथे पडदे, मोडके स्टँड असलं काहीबाही असायचं. आणि त्याच्याही आधी?

नऊबाईंचा हात हेडफोनवर थबकला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांनी त्या खोलीला शेकडो फोन जोडले होते. ‘एक्स-रे द्या’ म्हटलं की तीच खोली. नवी इमारत झाल्यावर एक्स-रे तिकडे गेला, भिंतींना गिलावा झाला, रंग झाला, आणि ज्यांना आठवत होतं ते एकेक करून निवृत्त झाले.

एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीत शिसं असतं, एवढं त्यांनाही माहीत होतं. म्हणजे तो पोरगा खरं बोलत होता. आणि त्याचं खरं ठरलं की आपलं खोटं. बोललं नाही तर? ही बाई अधीक्षकांना हिशेबाचा आकडा सांगणारच आहे. उद्या ती दुसरं यंत्र आणेल न आणेल. शेजारची मुलगी बघत होती. नऊबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

“ती एक्स-रेची खोली होती,” त्या म्हणाल्या. “फार पूर्वी.”

इंजिनिअरबाई थांबली. “शिशाचे पत्रे? आणि काढलेच नाहीत?”

“नुसता वरून गिलावा केला असणार.” त्यांचा आवाज बारीक झाला. “म्हणजे त्याचा फोन वाजला नाही, हे खरं. पण बाई, देवाशप्पथ सांगते, माझ्या कानात घंटा वाजत होती. मी काही वेडी नाही.”

“वाजणारच,” इंजिनिअरबाई म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही. “ती घंटा तिकडून येतच नाही. तुमचं एक्स्चेंजच ती तुम्हाला ऐकवतं. समोरचा फोन सापडो न सापडो, जुन्या एक्स्चेंजमध्ये ती वाजत राहते.”

नऊबाईंना ते कळलं, पण पटेना. उभा जन्म त्यांनी त्या आवाजावर विश्वास ठेवला होता. शेवटी इंजिनिअरबाई एक बिनतारी फोन घेऊन खाली त्या खोलीत गेली आणि जाताना अधीक्षकांनाही घेऊन गेली. नऊबाईंनी नंबर लावला. कानात घंटा सुरू झाली, स्वच्छ, नेहमीसारखी. त्यांनी हेडफोन काढून शेजारच्या मुलीच्या कानाला लावला. मुलीने ऐकलं. थोड्या वेळाने अधीक्षक वर आले, तो मुका फोन हातात धरून. खाली तो एकदाही वाजला नव्हता. मुलगी उठली आणि आपली पर्स घेऊन रिसेप्शनवर गेली.

दुपारनंतर डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली.

“मावशी, मी म्हणालो होतो तुम्ही फोन लावलाच नाही.”

“मी म्हणाले होते तू झोपला होतास.”

“झोपलो होतो,” तो म्हणाला. “रात्रपाळी करून पुन्हा ड्यूटी लागली होती. पण वाजला असता तर उठलो असतो.”

“उठला असतास,” नऊबाई म्हणाल्या. त्या महिन्याभरात त्यांनी त्याच्याबद्दल काय काय बोलून ठेवलं होतं, ते त्यांना आठवत होतं. त्यालाही आठवत असणार. तो आत येऊन बसला नाही, त्यांनीही ये म्हटलं नाही.

गेलेल्या पेशंटची बायको दर आठवड्याला निकाल विचारायला यायची. त्या दिवशीही आली. अधीक्षकांनी तिला समजावून सांगितलं, शिसं, लहरी, जुनी खोली, नकाशातली चूक. नऊबाई आणि डॉक्टर दोघेही मागे उभे होते. बाईने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे कोणाचंच काही चुकलं नाही,” ती म्हणाली.

“चुकलं, बाई. इस्पितळाचं चुकलं,” अधीक्षक म्हणाले. पण रागवायला इस्पितळाला तोंड कुठे असतं? ती दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिली, हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखी. मग बाहेर जाऊन बाकावर बसली.

नऊबाई तिच्या मागे गेल्या. लोकांची बोलणी जोडून देण्यात जन्म गेला, स्वतः बोलायची वेळ कमीच आलेली.

“तुम्ही किती वेळ लावत होतात फोन?” बाईने न पाहता विचारलं.

“डॉक्टर जिन्यावरून धावत येताना दिसेपर्यंत.”

बाईने मान हलवली. “मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. खालीच होते, नळापाशी. दीर, जावा सगळे विचारतात, तू कुठे होतीस. मी सांगते, पाणी आणायला. ते म्हणतात, बरं.”

ते ‘बरं’ कसं म्हटलं जातं, हे नऊबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

“पाणीच आणायला गेला होतात,” त्या म्हणाल्या.

बाईने बाकावर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकली.