गुणाजीच्या हातातलं नवटाक

मी एक जुनं पितळी माप आहे, मित्रांनो. पावशेराच्या निम्म्याचं. माझं नाव नवटाक. हसू नका! माझं नाव ऐकलं की मोठी माणसं गालातल्या गालात हसतात. मला त्याचा भारी राग येतो.

रत्नागिरीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. भाट्ये गावच्या गंगुबाईने मला खोबरेल तेल मोजायला घेतलं. नऊ टांकांचं वजन म्हणून नवटाक, असं ती गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची. पुढे लिटरची मापं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून तिच्या मुलाने, हरिश्चंद्राने, मला उचललं ते थेट गावठी दारूच्या गुत्त्यावर. "एक नवटाक भर," असं तिथे जो तो म्हणे. माझ्या जातभाईंचीही सगळीकडे हीच गत झाली होती. हळूहळू लोक तेल विसरले, मापही विसरले. 'नवटाक मारून आलाय' म्हणजे दारू पिऊन आलाय, एवढाच माझा अर्थ उरला. जीव तुटतो हो!

हरिश्चंद्र त्या दारूतच गेला, आणि माझी रवानगी पुन्हा घरच्या माळ्यावर झाली. त्याचा मुलगा गुणाजी होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. गेल्या साली त्यानेही पिऊन होडी खडकावर घातली. त्याचा मुलगा दीपेश पाण्यात फेकला गेला, तो जेमतेम हाती लागला. त्या दिवसापासून अकरा महिने गुणाजीने थेंब घेतला नाही. दीपेशने त्याला बजावलंच होतं, "बाबा, परत एक घोट घेतलास तर मी तुझ्या होडीवर पाय ठेवणार नाय."

पंधरवड्यापूर्वी मासेमारीची बंदी उठली. होडी पाण्यात लोटण्याआधी आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी राखणदाराला, म्हणजे खाडी राखणाऱ्या देवाला, नारळ आणि नवटाकभर गावठी देतात. तांडेलाने राखणदाराला अर्धी ओतायची आणि उरलेली स्वतः प्यायची. ती प्यायला नाही, तर खलाशी होडीवर चढत नाहीत. म्हणून मला पुन्हा काठोकाठ भरलं. तो उग्र वास अंगात भिनला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुणाजीने मला उचललं. त्याची बायको आवडाबाई पदर तोंडात धरून उभी होती. दीपेश होडीपासून चार पावलं लांब.

गुणाजीने अर्धी राखणदाराच्या दगडावर ओतली आणि मला वर नेलं. अरे देवा! त्याचा श्वास माझ्या कडेला लागला. मी कितीतरी ओठ पाहिलेत, पण इतके कोरडे ओठ कधी पाहिले नव्हते.

"तांडेल, घ्या लवकर. भरती सरतेय," म्हातारा खलाशी विठू म्हणाला.

गुणाजीने डोळे मिटले. मग एकदम मला खाली आणून तो गाऱ्हाणं घालू लागला, "बा राखणदारा म्हाराजा! तुझं तुला दिलं. माझ्या वाट्याचं पण तूच घे. जन्मभराचं घे. पण माझ्या पोराला माझ्या होडीवर राहू दे रे म्हाराजा!"

आणि त्याने मला पालथं केलं.

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणी नसेल, तर ते राखणदाराला पोचत नाही, असं इथे मानतात. खलाशी एकमेकांकडे बघत राहिले. गुणाजीची मान खाली गेली.

शेवटी विठूने टोपी काढली. "व्हय म्हाराजा!" तो ओरडला. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यात शेवटी दीपेशचा आवाज आला, आणि तो पाणी तुडवत होडीवर चढला.

आवडाबाईने मला चिंचेने घासघास घासलं. आता रोज सकाळी ती माझ्या मापाने नातीला, दीपेशच्या सानवीला, दूध मोजून देते. माझा वास एका दिवसात गेला. गुणाजीची तहान तशी जाणार नाही. काल सकाळी तो स्वतः दूध ओतता ओतता माझ्याकडे बघत थांबला होता.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. जुनी भांडी मोडीत घालू नका, आणि जुनी माणसंही. तुमच्या घरात कोणी हातातलं नवटाक पालथं करत असेल, तर गप्प उभे राहू नका. त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा, "व्हय म्हाराजा!"