बटणच्या फ्रॉकची दुमड

शाळा उघडायला आठवडा राहिला की शिलाईवाल्या काकूंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एका भिंतीला दोन मशिनं, दुसऱ्या भिंतीला काकांचं इस्त्रीचं टेबल आणि मधल्या जागेत गणवेशाच्या कापडाचे तागे. काकूंचा एक नेम होता. कुठल्याही मुलाचं माप घेतलं की ते तारखेसकट वहीत लिहायचं आणि कपड्याला खाली चार बोटं दुमड ठेवायची. मूल वाढलं की दुमड उसवून उंची सोडायची. तोच कपडा आणखी वर्षभर चालायचा. तुमचं पोर किती वाढलं हे तुमच्याआधी मला कळतं, असं त्या गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगत आणि ते खोटंही नव्हतं. एकाच मुलाचं त्यांना कळलं नाही. ते त्यांच्या पोटचं होतं.

लेक नऊ वर्षांची. इतकी लहानखुरी की तिला सगळे बटण म्हणत. नाव तिच्याही अंगवळणी पडलं होतं. "मी मोठी झाले की मग कोण होणार? हूक?" असं ती विचारी आणि इस्त्री थांबवून काका हसत. सातव्या वर्षी शिवलेला गणवेशाचा फ्रॉक ती अजून घालत होती. काकू तो गिऱ्हाइकांना दाखवत. दोन वर्षं झाली, दुमड उसवायची वेळ आली नाही, शिलाई असावी तर अशी!

पण अलीकडे बटणच्या तक्रारी वाढल्या होत्या. शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला, मुलगी तासाला तीनदा पाण्याला उठते आणि चारदा लघवीला बाहेर जाते. सकाळी उठलं की डोकं दुखतं म्हणे, कधी उलटी होई आणि दुपारी बरी असे. काकूंनी मनाशी निदान केलं, शाळा बुडवायची कारणं. त्यातून पोरगी धांदरट. दाराच्या चौकटीला खांदा आपटे, टेबलाच्या कोपऱ्याला कंबर. डोळे तपासावेत का, असं काकांनी एकदा विचारलं. काकूंनी बटणला सुई आणि काळा दोरा दिला. तिनं पहिल्याच झटक्यात ओवला. "बघा. माझ्या डोळ्यांना जमत नाही ते तिला जमतं. डोळ्यांत नाही हो, लक्षात खोट आहे," काकू म्हणाल्या आणि तो विषय तिथंच मिटला.

पाण्याचा विषय मात्र त्यांनी मनावर घेतला. दप्तरातली बाटली काढून घेतली, माठाजवळ स्टूल ठेवायचं बंद केलं. लाड पुरे झाले, शिस्त लागली पाहिजे. आपण वाईट करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्यापैकी कोणाच्या आलं असतं?

बाटली काढून घेतली त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई आल्या. दिवसभर लोकांच्या रक्तातले क्षार आणि साखर मोजणं हे त्यांचं काम. नवा पांढरा कोट त्यांनी काउंटरवर टाकला.

"काकू, या बाह्या मला घेऊन एक दिवस नमुन्यांच्या नळ्यांत बुडणार आहेत. दोन बोटं आखूड करा."

काकू खडूनं खूण करत होत्या, तेवढ्यात काका ओरडले, कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याची बाटली पुन्हा रिकामी. टेबलाखालून बटण तोंड पुसत बाहेर आली आणि जाता जाता दाराच्या चौकटीवर धडकली.

"आमचं ध्यान," काकू हसून म्हणाल्या. "इस्त्रीचं पाणीसुद्धा सोडत नाही."

प्रयोगशाळेतल्या बाई हसल्या नाहीत. रात्री पाण्यासाठी उठते का, डोकं कधी दुखतं, असं त्यांनी हळूच विचारून घेतलं. मग बटणला समोर बसवलं, माझ्या नाकाकडे बघ म्हणाल्या आणि लाल दोऱ्याचं रीळ तिच्या कानाच्या बाजूनं पुढे आणू लागल्या.

"दिसलं की सांग."

रीळ पुढे आलं, आणखी पुढे आलं. बाईंच्या नाकापाशी पोचेपर्यंत बटण गप्प होती. "आत्ता दिसलं," ती म्हणाली. "तुमच्या नाकावर तीळ आहे, तो मला आधीच दिसला होता."

दुसऱ्या बाजूनंही तसंच झालं. समोरची सुई दिसणाऱ्या पोरीला कडेचं काही दिसतच नव्हतं.

"काकू, तिची उंची किती वाढली?"

काकूंनी सवयीनं वही काढली. आपल्याच वळणदार अक्षरातल्या तीन तारखा, आणि तिन्हींपुढे एकच माप. त्या पानाकडे बघत राहिल्या. ज्या दुमडीचा त्या गावभर डंका पिटत होत्या, ती का उसवावी लागली नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी वही मिटली.

"अहो, दुकान बंद करा," त्या काकांना म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत रुग्णालयात बटणच्या डोक्याचे स्कॅन निघाले. मेंदूच्या तळाशी, मधोमध, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी गाठ होती. नाव क्रॅनिओफॅरिंजिओमा. काकांना ते तीनदा विचारूनही म्हणता येईना. बटण म्हणाली, "बाबा, एवढं लांब नाव आणि माझ्या डोक्यात मावलं कसं?" पुढच्या बाकावर बसलेले दोन अनोळखी लोकही हसले. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

शस्त्रक्रिया चालू असताना प्रयोगशाळेतल्या बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. काकूंनी कित्येक दिवस मनात दाबून ठेवलेलं शेवटी विचारलं. गरोदर असताना मी दिवसदिवस मशीन मारत होते, त्यानं झालं का? देवानं मला कशाची शिक्षा दिली?

"कशाचीच नाही," बाई म्हणाल्या. "कापड बेतताना कातरण उरतं ना, तसं मूल पोटात घडताना काही पेशी उरतात. बहुतेकांच्या विरून जातात. क्वचित कोणाच्या राहतात, आणि त्यांत 'वाढा' असा निरोप देणारं एक प्रथिन असतं, ते काम झालं तरी विरघळत नाही. निरोप देतच राहतं. मग गाठ होते, तिच्यात द्रव साठतो. वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतं हे. तुमच्या मशीनमुळे नाही, खाण्यानं नाही, कोणाच्या पापानं नाही. अंग वाढवणारी आणि शरीरातलं पाणी धरून ठेवणारी ग्रंथी शेजारीच असते. गाठीनं ती दाबली म्हणून उंची थांबली आणि तहान लागली. डोळ्यांच्या नसा वरून जातात, म्हणून कडेचं दिसेना."

"म्हणजे ती पाणी मागत होती, तेव्हा..."

"तिला खरंच हवं होतं."

काकू म्हणाल्या, "आजार माझी चूक नाही म्हणता, मानते. पण मी बाटली काढून घेतली, ती माझीच."

बाईंनी ते नाकारलं नाही. नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

दुपारी शल्यविशारद बाहेर आले. गाठीतला द्रव काढला होता, बरीचशी गाठही काढली होती. डोळ्याच्या नसेला चिकटलेला तुकडा मुद्दाम ठेवला, तो पुढे किरणांनी आवरता येईल. द्रव कसा होता, असं काकांनी विचारलं. मशीनच्या जुन्या तेलासारखा काळपट, आत कोलेस्टेरॉलचे बारीक चमचमते कण, ते म्हणाले.

"तरीच," शुद्धीवर आल्यावर हे ऐकून बटण पुटपुटली. "आई माझ्या डोक्याला रोज तेल घालते, पण काढत कधीच नाही."

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. किरणांच्या खेपा, रोजची औषधं, ठरलेल्या तपासण्या. त्यातल्या काही आता जन्माच्या सोबती. डाव्या कडेचं तिला अजून थोडं कमी दिसतं. पण डोकं दुखत नाही, आणि दप्तरात दोन बाटल्या असतात. वाढीची औषधं सुरू करण्याआधी, गाठ पुन्हा वाढत नाही ना हे बघायला, डॉक्टरांनी पुरेसा काळ थांबायला लावलं. ती सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात काकूंनी तिला आरशापुढे उभं केलं, टेप लावला, पुन्हा लावला. मग ब्लेड घेऊन तो जुना फ्रॉक मांडीवर ओढला आणि दुमडीचा पहिला टाका उसवला. आत दडलेलं कापड नव्यासारखं गडद निळं होतं, बाहेरचं तेवढं उन्हानं विटलेलं.

"आता मी बटण राहिले नाही," ती म्हणाली.

"अजून आहेस. पण मोठ्या कोटाचं," काका म्हणाले.

आता काकूंच्या दुकानात कोणी आई सांगू लागली की आमच्या पोराला वर्षभर कपडे आखूड झाले नाहीत, तर काकू कौतुक करत नाहीत. वही उघडतात, माप दाखवतात आणि गोड शब्दांत म्हणतात, एकदा डॉक्टरांना दाखवून या. बहुतेक मुलं ठणठणीत निघतात. त्या आनंदात काकू त्यांना एक बटण फुकट लावून देतात.

मंडळी, असा आजार फार थोड्यांच्या वाट्याला येतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण मूल लबाड आहे, आळशी आहे, धांदरट आहे असं म्हणायला आपल्याला एक क्षण पुरतो, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला आपल्यापाशी वेळ नसतो. पोर पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकू या. शिस्त कुठे पळून जात नाही. आणि पाणी मागणाऱ्याला पाणी द्यावं, एवढा तरी नेम आपल्यापैकी प्रत्येकाला पाळता येईल.